पॉलीहाऊसमधली काकडी तिसऱ्या पिकाला का बसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर भागात १० गुंठ्यांचे पॉलीहाऊस, बेडवर लाल माती, पाणी बोअरवेलचे. बिनबियांची काकडी, जिला मार्केटात चायना काकडी म्हणतात, ती लागोपाठ दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा छान आली. तिसरी लागवड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. चाळिसाव्या दिवसापासून झाडे दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. खालची पाने पिवळी पडू लागली आहेत, काही पानांवर कोपरे असलेले डाग आहेत. करंगळीएवढी काकडी पिवळी होऊन गळते, आणि जी राहते ती वाकडी निघते. दर तिसऱ्या दिवशी फवारणी चालू आहे. आता कोणते औषध मारू?

औषधाचे नंतर बघू. आधी मान टाकणारे एक झाड उपटा आणि त्याच्या शेजारचे बरे दिसणारे दुसरे झाडही उपटा. हाताने ओढू नका, बारीक मुळ्या मातीतच तुटून राहतात. खुरप्याने भोवतालची माती सैल करा, गड्डा अलगद उचला आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. माती आपोआप सुटते. मग मुळ्या उजेडात धरून बघा. पांढरी मुळी चालू आहे का, हे पहिले. नंतर मुळीवर मण्यांसारख्या गाठी आहेत का ते बघा. मुळीतच फुगलेल्या, बोटाने चोळूनही न निघणाऱ्या गाठी असतील तर सूत्रकृमी आहे, म्हणजे मुळीत शिरणारे बारीक धाग्यासारखे कृमी. गाठी नसतील पण मुळी तपकिरी असेल, तर ती चिमटीत धरून हलकेच ओढा. साल सटकन हातात आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर ती मूळकूज आहे, आणि बहुतेक वेळा ती जास्त पाण्याने आलेली असते. गाठीही नाहीत, सालही निघत नाही, फक्त मुळ्या आखूड आहेत आणि टोके करपल्यासारखी दिसतात, तर क्षार वाढलेत असे समजा.

तुमची सगळी लक्षणे वाचून मला वाटते की यातल्या किमान दोन गोष्टी एकत्र आहेत. पहिल्या दोन पिकांत काही झाले नाही आणि तिसऱ्याला झाले, हाच मोठा धागा आहे. रोग वाऱ्याने कधीही येऊ शकतो. पण सूत्रकृमी आणि क्षार पिकागणिक साठत जातात. नव्या मातीवर पहिले पीक जोरात येते, दुसरेही निभावते आणि तिसऱ्याला हिशोब चुकता होतो.

क्षाराचा हिशोब जरा मांडून बघा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. १० गुंठ्यांत साधारण २४०० झाडे बसतात. झाडाला सरासरी दीड लिटर पाणी धरले तरी रोज ३६०० लिटर. तुमच्या बोअरच्या पाण्याचा ईसी, म्हणजे क्षार किती ते सांगणारे माप, १.२ असेल, तर लिटरमागे पाऊण ग्रॅमहून थोडे जास्त क्षार असतात. म्हणजे एक किलो खत न टाकताही रोज पावणेतीन किलोच्या आसपास क्षार बेडमध्ये जातात. ९० दिवसांच्या पिकात हे अडीचशे किलोच्या घरात पोचते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम झाड काही प्रमाणात उचलते, सोडियम आणि क्लोराईड मात्र बहुतांशी मागे राहतात. उघड्या शेतात हे क्षार पावसाळ्यात धुऊन जातात. तुमच्या बेडच्या वर छपराला दोनशे मायक्रॉनचा पेपर, म्हणजे प्लास्टिकचा कागद आहे, तिथे पाऊस कधीच पडलेला नाही. आणि काकडी हे खाऱ्याला सोसणारे पीक नाही. मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचा, ईसी अडीचच्या पुढे गेला की उत्पादन घसरायला लागते.

म्हणून पाण्याचा आणि मातीचा ईसी, सामू (पीएच) तपासून घ्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत हे होते. माती देताना रिपोर्टवर पद्धत लिहून मागा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या पद्धतीने मोजतात, तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो. या पद्धतीने ईसी ०.५ च्या आत असला तर काकडीला उत्तम, १ च्या पुढे गेला तर धुऊन काढल्याशिवाय नवी लागवड करू नका. नमुना ड्रिपरखालून घेऊ नका, तिथली माती नेहमी धुतलेली असते. ड्रिपर आणि बेडची कड यांच्या मध्ये, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. बेडच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसत असेल तर रिपोर्टची वाट न बघता मनाची तयारी करून ठेवा.

आता उभ्या पिकाचे बघू. दुपारी झाडाने मान टाकली की बहुतेक जण ठिबक चालू करतात. मुळी शाबूत असती तर त्याचा उपयोग झाला असता. इथे मुळी दुखावलेली आहे, पाणी असूनही तिला ते उचलता येत नाही. वरून आणखी पाणी सोडले की बेडमधली हवा संपते आणि उरलीसुरली पांढरी मुळीही कुजायला लागते. बेडची माती मुठीत दाबून बघा. गोळा झाला पण बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे. बोटांमधून पाणी आले तर आज ठिबक बंद ठेवा.

जानेवारीत तुमच्या भागात रात्रीचा पारा ८–१० अंशांवर येतो. उघड्या टाकीतले पाणी सकाळी गार असते, आणि गारठलेली मुळी काम करत नाही. त्यामुळे सकाळी सहाला पाणी सोडायची सवय असेल तर ती या दिवसांत मोडा. पहिले पाणी नऊच्या सुमारास, दुसरे साडेअकराला, तिसरे दोनला. ड्रिपर ताशी २ लिटरचा आणि ३० सेंटिमीटरवर असेल तर प्रत्येक वेळी दहा मिनिटे पुरतात. अडीचनंतर काही नाही. एप्रिल-मेमध्ये हेच पाणी झाडामागे दोन-अडीच लिटरवर जाईल आणि पाच-सहा हप्त्यांत विभागावे लागेल.

खत चार-पाच दिवस पूर्ण थांबवा. पिवळी पाने दिसली म्हणून आणखी खत, असे करू नका. साधे पाणी द्या, पण त्याचा सामू फॉस्फरिक किंवा नायट्रिक ॲसिडने सहाच्या आसपास आणून. आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतात, सामू साडेसात-आठ असतो, आणि अशा पाण्यात लोह, जस्त, मँगनीज दिले तरी झाडाला लागत नाही. ॲसिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. त्यानंतर ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची आळवणी करा, म्हणजे ती पाण्यात कालवून मुळाशी ओता. गाठी दिसल्या असतील तर पॅसिलोमायसिस या सूत्रकृमी मारणाऱ्या बुरशीचीही. ही आळवणी केली त्या आठवड्यात बेडमध्ये बुरशीनाशक सोडू नका, नाहीतर एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे असे होते.

आणि आठवडाभर झाडावरचा भार उतरवा. प्रत्येक पेराला दोन-तीन कळ्या असतील तर एकच ठेवा, वाकडी आणि पिवळट फळे आजच काढून टाका. पैसे खुडतोय असे वाटते, ते मला माहीत आहे. पण काकडी स्वतःच हे काम करत असते. करंगळीएवढी फळे पिवळी पडून गळतात ती रोगाने नव्हे, झाडाला ती पोसवत नाहीत म्हणून. जानेवारीत दिवस लहान, ऊन तिरपे, त्यात पेपरवर दोन वर्षांची धूळ. पेपर आतून-बाहेरून धुतला आहे का कधी? नसेल तर मऊ कापड आणि पाण्याने धुऊन घ्या. उजेडात पडलेला फरक तुम्हाला आत शिरताच जाणवेल.

आता डाग. डाग शिरांच्या चौकटीत अडकलेले, कोपरे असलेले आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे डाऊनी (केवडा) हा रोग. खात्री करायची तर सकाळी सातला, ऊन यायच्या आधी आत जा आणि डाग असलेले पान उलटे करून बघा. डाऊनी असेल तर डागाच्या बरोबर खाली राखाडी-जांभळट लव दिसते. तेच पान दुपारी बघितले तर लव वाळून गेलेली असते, म्हणून खूप जणांना ती कधी दिसतच नाही. भुरी वेगळी, ती पानाच्या वरच्या बाजूला पांढऱ्या पिठासारखी असते आणि तिला कोरडी हवा चालते. खालची पाने शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी असतील, लव नसेल, तर ती मॅग्नेशियमची कमतरता. १३:०:४५ आणि ०:०:५० ही पोटॅशची खते भरपूर सोडणाऱ्यांकडे ती हमखास दिसते, कारण पोटॅश जास्त झाले की मॅग्नेशियम अडते. तिथे बुरशीनाशक मारून काय होणार? मॅग्नेशियम सल्फेट द्यायचे.

डाऊनीला पान ओले लागते. काही तास सलग ओले राहिले की तिचे काम झाले. म्हणून पान ओले कशाने होते ते शोधा. तुम्ही थंडीच्या भीतीने चारलाच पडदे खाली सोडून सकाळी नऊपर्यंत बंद ठेवत असाल. रात्रभर झाडे आणि बेड वाफ सोडतात, ती पेपरला आतून लागून गार होते आणि पहाटे थेंब थेंब पानांवर गळते. संध्याकाळी फवारणी करत असाल तर तो ओलावाही रात्रभर पानावर राहतो. दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळची फवारणी म्हणजे दर तिसऱ्या रात्री डाऊनीला हवे ते आयते मिळणे. तुमची औषधे लागू पडत नाहीत याचे मला हेच पहिले कारण दिसते.

पडद्यांचे असे करा. दुपारी साडेचार-पाचला बंद, म्हणजे उन्हाची ऊब आत राहील. सकाळी ऊन पेपरवर आले की आठच्या सुमारास वाऱ्याच्या उलट बाजूचा पडदा हातभर उघडा. अर्ध्या तासाने दुसऱ्या बाजूचा थोडा. पूर्ण पडदे आतला पारा २२–२३ वर गेल्यावर. दमट हवा आधी बाहेर काढायची आणि मग गरम होऊ द्यायचे. दिवसा २४ ते २८ अंश, रात्री जमेल तितके १५ च्या वर, आणि आर्द्रता ६० ते ७५ टक्के. साधे यंत्र मिळते, त्यावर पारा आणि आर्द्रता दोन्ही दिसते. ते दारापाशी टांगू नका, मधल्या ओळीत पानांच्या उंचीवर, सावली करून टांगा. फॉगर, म्हणजे धुक्यासारखे पाणी उडवणारे नोझल, जानेवारीत लावायची गरजच नाही. उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर आणि आर्द्रता ५० च्या खाली, दोन्ही एकदम असेल तेव्हाच लावा, मिनिटभर, आणि दुपारी चारनंतर नाही. उन्हाळ्यात मात्र फॉगरचा एक जादा फायदा होतो: लाल कोळीला कोरडी हवा आवडते, आर्द्रता राखली की तिचा जोर कमी राहतो.

पाने ओली असताना आत मजूर घालू नका. तोडा, सुतळी गुंडाळणे, पाने काढणे हे सगळे पाने सुकल्यावर. खालची म्हातारी पाने काढायचीच, पण एका वेळी दोन, आणि झाडावर १५ तरी चांगली पाने राहतील अशी. ज्या पेरावरची काकडी तोडून झाली त्याच्या खालचे पान आता झाडाला काही देत नाही, ते फक्त हवा अडवते. काढलेली पाने वाटेत टाकायची नाहीत. पोत्यात भरून पॉलीहाऊसपासून लांब खड्ड्यात पुरा. ही गोष्ट ऐकून सगळे मान डोलावतात, आणि आत गेले की वाटेत पाने पडलेली दिसतात.

फवारणी सकाळी नऊ ते अकरा, पाने तासाभरात सुकतील अशी, आणि नोझल पानाच्या खालून वर मारा. आधी डाग असलेली पाने काढून मग फवारा. बाटलीच्या लेबलवर काकडी हे पीक आणि डाऊनी हा रोग दोन्ही छापलेले असेल तेच घ्या, आणि लागोपाठ एकाच गटाचे औषध वापरू नका. मेटॅलॅक्झिल आणि ॲझॉक्सीस्ट्रोबिन या बुरशीनाशकांना दाद न देणारी डाऊनी जगभर ठिकठिकाणी नोंदली गेली आहे. भुरीसाठी गंधक मारणाऱ्यांनी जपावे. काकडीवर्गीय पाने गंधकाला नाजूक असतात, पारा तिशीच्या वर असताना मारले की पाने भाजतात.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. तुमचा तोडा दिवसाआड आहे आणि फवारणी दर तिसऱ्या दिवशी. लेबलवर फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस ठेवायचे ते छापलेले असते. तुमच्या वेळापत्रकात ते दिवस बसतात का, हे स्वतः ताडून बघा. ही काकडी सालासकट, कच्ची खाल्ली जाते. शिजवणे-सोलणे होत नाही, आणि नुसत्या धुण्याने सगळे औषध निघत नाही. लहान मुलांच्या डब्यात जाते. ज्या औषधाचे दिवस तोड्याशी जुळत नाहीत ते या पिकात वापरायचे नाही, मग ते कितीही लागू पडो. म्हणून तर मी हवा, पाणी आणि मुळी यांवर इतका वेळ घालवतोय. किडींसाठी पिवळे आणि निळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा, शेंडा वर जाईल तसे वर सरकवा. पांढरी माशी आणि फुलकिडे कमी असतानाच निंबोळी अर्क, बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम या किडी मारणाऱ्या बुरश्या आळीपाळीने चालू ठेवा. बाजूची जाळी ४० मेशची असली तरी फाटकी असेल तर काही उपयोग नाही. जाळी शिवण्याचे आणखी एक कारण आहे. बिनबियांच्या काकडीला परागीभवन लागत नाही, उलट मधमाश्या आत शिरल्या तर फळात बी धरते, फळ टोकाला फुगते आणि व्यापारी ते बाजूला काढतो.

वाकड्या फळांचे कारण बहुतेक वर येऊन गेले: मुळी दुखावलेली, पाणी एक दिवस जास्त एक दिवस कमी, आणि झाडावर भार. काही फळे फक्त पान, देठ किंवा सुतळी आड आल्याने वाकतात, ती कोवळी असताना मोकळी केली की सरळ होतात. सालीवर चंदेरी ओरखडे असतील तर फुलकिडे.

खताचे फार लांबवत नाही. पाच दिवसांनी पुन्हा सुरू करताना निम्म्या मात्रेने करा आणि ड्रिपरमधून पडणाऱ्या पाण्याचा ईसी मोजा, दीड ते दोनच्या वर जाऊ देऊ नका. तुमचे पाणीच १.२ असेल तर खताला जागा किती कमी आहे ते लक्षात येईल. अशा ठिकाणी पॉलीहाऊसच्या छपरावरचे पावसाचे पाणी गटरमधून शेततळ्यात साठवणे हा खर्च फेडणारा उपाय आहे, ते पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून वापरायचे. कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत, सल्फेट आणि फॉस्फेटवाली खते दुसऱ्या टाकीत, एकत्र केली की साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात.

मुळ्यांवर गाठी निघाल्या आणि निम्म्याहून जास्त झाडांची ती गत असेल, तर हे पीक ओढत नेऊ नका. मार्चच्या मध्यापर्यंत निघेल तो माल काढा आणि थांबा. झाडे मुळासकट काढा, मुळ्या बाहेर नेऊन वाळवून जाळा. रोटाव्हेटरने त्या मातीत मिसळल्या तर पुढच्या पिकाचे सूत्रकृमी तुम्हीच पेरले असे होईल. मग बेड हलवून घ्या आणि त्यांवर भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुवा. ते पाणी वाटेत तुंबत असेल तर निचऱ्याची चारी आधी काढा, नाहीतर क्षार तिथल्या तिथे फिरत राहतात. एप्रिलच्या सुरुवातीला ओल्या बेडवर पातळ, पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा आणि सगळे पडदे बंद करून सहा आठवडे तसेच ठेवा. काळे प्लास्टिक चालत नाही, ऊन आत जायला हवे. हा सिन्नरचा एप्रिल-मे आहे, फुकटची भट्टी, ती वाया घालवू नका.

त्यानंतर प्रति चौरस मीटर पाचेक किलो पूर्ण कुजलेले शेणखत, त्यात ट्रायकोडर्मा वाढवून, आणि निंबोळी पेंड. ताजे कोंबडीखत अजिबात नको, त्यात क्षारही असतात आणि अमोनियाने कोवळी मुळी जळते. सूत्रकृमी फारच असतील तर पुढचा एक हंगाम झेंडू घ्या आणि झाडे तिथेच गाडा. पीक बदलायचे म्हणून ढोबळी मिरची लावली तर मात्र काही साधणार नाही, सूत्रकृमींना तीही चालते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लागवड धरली तर रोपे त्याआधी पंधरा दिवस टाकावी लागतील. रोपवाटिकेतून घेणार असाल तर ट्रे जमिनीवर ठेवलेले नाहीत ना ते बघा, स्टँडवर असावेत. चार-दोन रोपे कोकोपीटसकट ट्रेमधून काढून मुळी पांढरी आणि गाठ नसलेली आहे का बघून घ्या. दोन-तीन खरी पाने झालेले, बुटके, जाड देठाचे रोप चांगले. संध्याकाळी लावा, आणि कोकोपीटचा गड्डा मातीच्या पातळीपेक्षा किंचित वर राहू द्या, देठाला माती लागली की तिथेच कूज सुरू होते. पहिल्या दीड फुटापर्यंतच्या सगळ्या कळ्या आणि बगलफुटी खुडा. आणि पंधराव्या दिवशी, सगळे हिरवेगार दिसत असतानाच, कडेचे एक झाड उपटून बादलीत धुवा.